कॅलेंडरातली नक्षत्रे आणि द्विनेत्रीतले तारे

आकाशनिरीक्षणाची सुरुवात मोठ्या दुर्बिणीनेच करावी लागते असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः नवख्या निरीक्षकाला पहिली काही वर्षे सहज पुरेल असे साधन म्हणजे साधी द्विनेत्री, अर्थात बायनॉक्युलर. दुर्बिणीतून एका वेळी जेमतेम अंशभर आकाश दिसते आणि बहुतेक दुर्बिणींत प्रतिमा उलटी असते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी हेरलेला तारा आणि भिंगातून दिसणारा तारा यांचा मेळ घालताना नवखा माणूस गोंधळून जातो. द्विनेत्रीत मात्र सहा-सात अंशांचे, म्हणजे पौर्णिमेचे डझनभर चंद्र शेजारी शेजारी मांडता येतील एवढे आकाश सुलट दिसते.

द्विनेत्रीवर छापलेल्या १० × ५० यासारख्या आकड्यांपैकी पहिला वर्धन, म्हणजे प्रतिमा किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत विस्तारते. ५० मिलिमीटरचे भिंग तिच्या पन्नासेक पट प्रकाश गोळा करते, आणि आकाशाच्या बाबतीत वर्धनापेक्षा या प्रकाशाचेच मोल अधिक असते. वर्धन दहापटींच्या पुढे गेले की हाताचा कंपही तेवढाच मोठा दिसू लागतो आणि तिपाईवाचून काम भागत नाही. म्हणून ८ × ४२ किंवा १० × ५० हीच निवड शहाणपणाची ठरते. खरेदीपूर्वी इतरांच्या साधनांतून पाहून घेणे उत्तम, आणि त्यासाठी १९४४ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी निरीक्षकांच्या संस्थांचा मोठा आधार होतो. द्विनेत्री सूर्याकडे मात्र कधीही, क्षणभरही रोखू नये. त्याने दृष्टी कायमची जाऊ शकते.

आकाशात वाट शोधण्यासाठी मराठी वाचकाला नकाशाआधी एक गोष्ट घरच्या भिंतीवरच सापडते. चंद्र ताऱ्यांमधून रोज सुमारे १३ अंश पूर्वेकडे सरकतो आणि २७.३ दिवसांत फेरी पुरी करतो. या वाटेचे २७ समान भाग म्हणजेच नक्षत्रे, आणि कॅलेंडरात त्या त्या तारखेखाली छापलेले नक्षत्र म्हणजे चंद्राचा त्या दिवसाचा पत्ता. ज्या तारखेला रोहिणी लिहिले असेल त्या रात्री चंद्राच्या आसपास पाहिल्यास तांबूस रोहिणी सापडते. अर्थात विभाग समान असले तरी तारे तसे समान अंतरावर नाहीत, आणि स्वातीचा तारा तर चंद्राच्या वाटेपासून तीसएक अंश उत्तरेला आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. पावसाळी नक्षत्रांचा हिशेब याहून निराळा. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर ‘मृग लागला’ असे शेतकरी म्हणतो तेव्हा सूर्य मृगात शिरलेला असतो, त्यामुळे नेमके तेच तारे सूर्यतेजात बुडून दिसेनासे होतात. मृग रात्रभर पाहायचा तर डिसेंबरच गाठावा लागतो.

कोनीय अंतरे मोजायला स्वतःचा हात पुरतो: हात ताठ पुढे धरला असता बंद मूठ सुमारे १० अंश व्यापते आणि पसरलेली वीत वीस अंशांहून थोडी अधिक. जानेवारीच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास मृग डोक्याजवळ येतो. चार ठळक ताऱ्यांचा चौकोन हे त्याचे पाय आणि मधले तीन तारे हा व्याधाने मारलेला बाण, अशी आपल्याकडची जुनी कल्पना आहे. बाणाची रेषा आग्नेयेकडे वीतभर वाढवली की रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा व्याध भेटतो, वायव्येकडे तेवढीच वाढवली की रोहिणी आणि आणखी दीड मूठ पुढे कृत्तिकांचा पुंजका. नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दाखवणारा हा पुंजका द्विनेत्रीत कितीतरी निळसर ताऱ्यांनी भरून जातो. गॅलिलिओने १६१० साली प्रसिद्ध केलेल्या रेखाटनात इथे ३६ तारे दाखवले होते, आणि आजची साधारण द्विनेत्री त्याच्या दुर्बिणीपेक्षा कितीतरी विस्तृत आकाश दाखवते. रोहिणीभोवतीचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा शकटही एकाच दृष्टिक्षेत्रात मावतो. त्यातले बहुतेक तारे सुमारे १५० प्रकाशवर्षे दूर आहेत, तर रोहिणी ६५ प्रकाशवर्षांवर, म्हणजे त्या समूहाची नव्हेच, केवळ त्याच दिशेला आलेली. प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाशाने वर्षभरात कापलेले अंतर, सुमारे ९.५ लाख कोटी किलोमीटर.

बाणाच्या दक्षिणेला तीन मंद ठिपक्यांची उभी ओळ दिसते आणि त्यातला मधला ठिपका किंचित पुसट वाटतो. द्विनेत्री तिथे रोखली की पंख्यासारखी पसरलेली राखाडी धूसरता आणि तिच्या गाभ्यात टोचलेले दोन-तीन प्रकाशबिंदू दिसतात. सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असलेल्या या तेजोमेघात आजही नवे तारे जन्माला येत आहेत. छायाचित्रांतला गुलाबी रंग इथे दिसत नाही, कारण मंद प्रकाशात डोळ्याच्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत. अंधुक प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यभागी नसून भोवताली असतात. म्हणून धूसर वस्तू पाहताना नजर तिच्यावर न रोखता जराशी बाजूला ठेवली की ती अधिक स्पष्ट दिसते. या पेशी पूर्ण जागृत व्हायला अर्धा तास लागतो आणि मोबाइलच्या एका झगझगीत पडद्याने सारे मुसळ केरात जाते, म्हणून नकाशा पाहायला मंद लाल दिवाच वापरावा. कोपर टेकता येईल अशी आरामखुर्ची असेल तर हाताचा कंप कमी होतो आणि मानही दुखत नाही.

महाराष्ट्र आणि गोव्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १५ ते २२ अंशांवर असतो, आणि त्याच्या बदल्यात युरोपातल्या निरीक्षकांच्या वाट्याला न येणारे दक्षिण आकाश येथे खुले होते. हे भाग्य पुरेसे ओळखले जात नाही. मे महिन्याच्या उत्तरार्धात रात्री दहाच्या सुमारास चित्रा तारा दक्षिणोत्तर रेषेवर आला की तिथून सरळ खाली साडेतीन मुठी उतरावे: नरतुरंग या तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ, सुमारे १७,००० प्रकाशवर्षे दूर, मध्य युरोपात कधी उगवतच नाही, आणि पुण्याहून तो क्षितिजाच्या वर जवळपास अडीच मुठी असतो. द्विनेत्रीत तो एखादा तारा नीट फोकस न झाल्यासारखा गोलसर, मऊ ठिपका दिसतो. पूर्वी त्याला ताराच समजत असत. तो तारा नसल्याची नोंद एडमंड हॅले याने १६७७ साली सेंट हेलेना बेटावरून केली, आणि आता त्यात सुमारे एक कोटी तारे असल्याचा अंदाज आहे. तो पाहायला दक्षिणेकडचे क्षितिज मोकळे आणि त्या बाजूचे शहर शक्य तितके दूर असावे.