कोंडी उलटी चालते

नाशिकजवळच्या ओझरला बदली होऊन आलेल्या कुटुंबाला दोन आवाजांची सवय करून घ्यावी लागते. एक डोक्यावरचा, सुखोई लढाऊ विमानांचा. दुसरा रस्त्यावरचा, सकाळी मुलांना शाळेत सोडायला निघालेल्या दुचाक्या, रिक्षा, व्हॅन आणि बसच्या हॉर्नचा. पहिल्याचा अभिमान वाटतो, दुसऱ्यानं डोकं उठतं. नवल असं, की या दोन्हींच्या मुळाशी जाणारं गणित एकाच माणसानं मांडलंय.

जेम्स लाइटहिल हे ब्रिटिश गणिती. जेट इंजिनाच्या झोतातून आवाज कसा जन्मतो, याच्या अभ्यासाचा पाया त्यांनी 1952 साली घातला. आवाजापेक्षा कमी वेगाच्या झोताचा वेग दुप्पट केला, तर त्यातून निघणाऱ्या आवाजाची शक्ती दुप्पट नाही, जवळपास 256 पट होते! त्यानंतर तीनच वर्षांनी, 1955 मध्ये, गेराल्ड व्हिथम यांच्या जोडीनं त्यांनी दोन निबंध लिहिले. एक लांबलचक नद्यांमधल्या पुरावर, दुसरा गर्दीच्या रस्त्यांवर. पुराचा लोंढा आणि वाहनांचा लोंढा त्यांना एकाच जातीचा दिसला होता.

त्यांनी एकेका गाडीकडे पाहणं सोडून दिलं आणि फक्त दोन गोष्टी धरल्या: एका किलोमीटरमध्ये किती गाड्या आहेत आणि तासाला किती पुढे सरकतात. गाड्या वाढल्या की सरकणाऱ्यांची संख्याही वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. ती ओलांडली की प्रत्येक नवी गाडी आधीच्यांनाही हळू करते. आणि खरी चकवणारी गोष्ट पुढेच आहे. दाट गर्दीत गाड्या पुढे जातात, कोंडी मात्र मागे जाते. पुढच्यानं ब्रेक दाबला की मागचा किंचित उशिरा, किंचित जास्त दाबतो, त्याच्या मागचा आणखी जास्त. असं करत करत कुणीतरी पुरता थांबतो. पहिला ब्रेक दाबणारा तोवर निघून गेलेला असतो.

जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी हे प्रत्यक्ष करून दाखवलं. 230 मीटर घेराचा गोल रस्ता, त्यावर 22 गाड्या, म्हणजे एकेकीच्या वाट्याला जेमतेम साडेदहा मीटर. सिग्नल नाही, खड्डा नाही, आडवी आलेली म्हैस नाही. साधारण ताशी 30 किलोमीटरनं चालवत राहा, एवढंच चालकांना सांगितलं होतं. थोडा वेळ सगळं सुरळीत चाललं. मग विनाकारण चार-पाच गाड्या एका जागी थबकल्या आणि ती थबकलेली गाठ ताशी सुमारे 20 किलोमीटरनं उलट्या दिशेला फिरू लागली. हा प्रयोग 2008 मध्ये प्रसिद्ध झाला.

ताशी 20 किलोमीटर म्हणजे मिनिटाला तीनशेहून अधिक मीटर. आता शाळेचं फाटक डोळ्यांपुढे आणा. स्कूटर थांबते. मागे बसलेल्या पोरीच्या दप्तराचा पट्टा सीटखालच्या हुकात अडकतो, आई हेल्मेट न काढता मागे हात घालून तो सोडवते, तेवढ्यात डबा घरी राहिल्याची आठवण होते आणि तिथेच दोन मिनिटं बोलाचाली. रस्ता गच्च भरलेला असेल, तर त्या पट्ट्याची बातमी एवढ्या वेळात अर्धा किलोमीटर मागे पोचलेली असते. तिथे अडकलेला गृहस्थ पुढच्या रिक्षावाल्याला शिव्या देत असतो.

ओझरचा रस्ता नागोयाच्या गोल रस्त्यासारखा एकजिनसी नाही, हे खरं. नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गावर हे गाव. 1964 साली मिग-21 विमानांसाठी इथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) कारखाना आला, वसाहत आली, पाळीनुसार कामावर जाणारी माणसं आली. पण रस्त्याचं पंचांग अजूनही शेतीचं आहे. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा चाळीतला उन्हाळ कांदा ट्रॉल्यांतून पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीकडे निघतो, लिलावात नंबर लागावा म्हणून सकाळीच. मग टोमॅटोचे क्रेट भरलेल्या पिकअप, थंडी सरता सरता द्राक्षं. ऑगस्टमध्ये पक्की केलेली निघायची वेळ फेब्रुवारीत चुकते ती यामुळे. नव्या माणसानं शेजाऱ्याला शाळेची वेळ विचारावीच, पण कांद्याची आवकही विचारावी.

रस्ते बांधणाऱ्यांना हा सरमिसळ प्रकार ठाऊक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसनं ग्रामीण रस्त्यांसाठी 1990 साली वाहनांची वजनं ठरवली: कार 1, दुचाकी अर्धी, ट्रक किंवा बस 3, ट्रॉलीसकट ट्रॅक्टर साडेचार आणि बैलगाडी 8! वजन म्हणजे किलो नव्हे. ते वाहन रस्त्याची किती जागा आणि किती वेळ खातं, त्याचा हिशेब. कांद्याची एक ट्रॉली म्हणजे नऊ दुचाक्या. ती थांबली की पुन्हा वेग घेईपर्यंत तिच्यामागे एक नवी लाट तयार झालेली असते, आणि त्यात ट्रॅक्टरवाल्या काकांचा काडीचा दोष नसतो.

शाळांच्या वेळांबाबत एक बरं घडलंय. राज्य सरकारनं 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवायला सांगितले. कारण मुलांच्या झोपेचं होतं, पण सगळी गर्दी एकाच दहा मिनिटांत लोटण्यापेक्षा विभागली गेलेली केव्हाही बरी. ज्यांचं एक मूल तिसरीत आणि दुसरं आठवीत, त्यांना दोन खेपा पडतात, ते मात्र हे वाचून हसतील.

कोंडीपेक्षा मला जास्त धास्ती वाटते ती मोकळ्या रस्त्याची. समोरून येणारी गाडी जवळ येताना डोळ्याला मोठी होत जाते आणि ती किती भरभर मोठी होते, यावरून मेंदू वेग ताडतो. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या जॉन वॅन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवलं, की प्राथमिक शाळेतल्या मुलांची ही नजर अजून कच्ची असते. ताशी साधारण 32 किलोमीटरपेक्षा वेगानं येणारं वाहन त्यांना येतंय असं खात्रीनं जाणवतच नाही. म्हणजे मूल बेफिकीर असतं म्हणून नव्हे, त्याला ते जवळ येताना खरोखर जाणवत नाही. सर्व्हिस रोडवर साठनं दामटणाऱ्या माणसाला ‘मुलांनी बघून चालावं’ म्हणण्याचा हक्कच उरत नाही.

राहिला उपाय. पुढच्या गाडीशी अंतर ठेवा. ब्रेकची लाट त्या अंतरात जिरते. ‘अंतर ठेवलं की दुचाकी घुसते’ ही तक्रार रास्त आहे. घुसू द्या, ती अर्धीच आहे. पुन्हा थोडं मागे राहा. मुलाला फाटकाच्या शंभर पावलं आधी, रस्ता ओलांडावा लागणार नाही अशा बाजूला उतरवा आणि तेवढं अंतर त्याच्यासोबत चाला. आणि दप्तराचा पट्टा घरीच तपासा.