१६ मिलिसेकंदांची मुदत

साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. म्हणजे एका चित्राच्या, आमच्या भाषेत एका फ्रेमच्या, वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. पापणी लवायलाही याच्या सहापट वेळ लागतो. प्रकाश तेवढ्यात फार तर ५,००० किलोमीटर जातो. आणि एवढ्याच वेळात ब्राउझरला पान मांडायचं असतं, गेमला शत्रू हलवायचे असतात, गोळी लागली की नाही ते ठरवायचं असतं आणि पडद्यावरच्या वीस लाख ठिपक्यांपैकी प्रत्येकाचा रंग पक्का करायचा असतो. मी दिवसा वेबसाइटचा कोड लिहितो आणि रात्री गेम खेळतो. दोन्हीकडे घड्याळ हेच.

ही मुदत मऊ नाही. सतराव्या मिलिसेकंदाला चित्र तयार झालं तर ते सतराव्याला दिसत नाही. पडद्याची वेळ टळलेली असते, मग पुढच्या वेळेपर्यंत, म्हणजे तेहतिसाव्या मिलिसेकंदापर्यंत, थांबावं लागतं. ८:१२ ची लोकल दोन सेकंदांनी चुकली काय किंवा दोन मिनिटांनी चुकली काय, फलाटावर उभं राहायचं ते पुढच्या गाडीसाठीच. म्हणून आमच्या कामात सरासरीला फारशी किंमत नाही. नव्व्याण्णव फ्रेम दहा मिलिसेकंदांत झाल्या आणि शंभरावीला ऐंशी लागले, तर माणसाला ती शंभरावीच जाणवते आणि तो म्हणतो, ‘अडकतंय रे हे.’

आजच्या ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला एका फ्रेममध्ये पाच कोटी ठोके मिळतात. हा आकडा किती अवाढव्य आहे हे कळायला १९७७ सालच्या ‘अटारी २६००’ या गेम खेळायच्या यंत्राकडे बघावं. त्याची एकूण स्मृती होती १२८ बाइट. मेगाबाइट नव्हे, किलोबाइटही नव्हे. देवनागरीतलं एक चिन्ह आज साठवायला तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने त्या अख्ख्या स्मृतीत ४२ चिन्हं मावली असती. हे आधीचं वाक्यसुद्धा मावलं नसतं.

मग चित्र कुठे ठेवायचं? ठेवायचंच नाही! जुन्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक ओळ काढत खाली सरकायचा. अटारीचा प्रोग्रॅम त्या झोताच्या जोडीने धावायचा: या ओळीत खेळाडू इथे, पार्श्वभूमी या रंगाची, आता पुढची ओळ. एका ओळीला प्रोसेसरचे मोजून ७६ ठोके मिळत आणि साध्यातल्या साध्या सूचनेलाही दोन ठोके लागत. जेमतेम वीस-पंचवीस सूचनांत ओळ उरकायची. उशीर झाला की चित्र तिथल्या तिथे विस्कटायचं. गुण मोजणं, टक्कर झाली का ते पाहणं वगैरे उरलेला संसार झोत पडद्याच्या खालून पुन्हा वर जाईपर्यंतच्या फटीत आटपायचा. अमेरिकी टीव्हीच्या २६२ ओळी धरल्या तर पूर्ण फ्रेमला १९,९१२ ठोके होतात. आपल्याकडे त्याच्या अडीच हजारपट आहेत, आणि तरीही बातम्यांचं एखादं पान जाहिरातींच्या ओझ्याखाली बोटाखाली अडखळत सरकतं. याला यंत्राचा दोष म्हणायची सोय आम्हाला नाही.

पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, जपानच्या ताइतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला. अकराच्या पाच रांगा, एकूण ५५ परग्रहवासी. प्रोसेसरला इतके जण एका दमात हलवणं झेपत नव्हतं, म्हणून एका फ्रेममध्ये एकालाच हलवायचं असं ठरलं. ५५ जणांची फेरी पुरी व्हायला जवळजवळ एक सेकंद, म्हणून सुरुवातीला फौज सुस्त चालते. पण तुम्ही एकेक टिपत गेलात की फेरी लहान होते आणि उरलेले वेगाने चालू लागतात. शेवटचा एकटा उरतो तेव्हा प्रत्येक फ्रेम त्याचीच असते आणि तो सुसाट सुटतो. खेळ रंगत जाईल तसा अवघड होत गेला पाहिजे, ही आज प्रत्येक गेममध्ये गृहीत धरलेली गोष्ट तिथे यंत्राच्या दमछाकीतून आयती मिळाली. निशिकादोंनी ती दुरुस्त न करता तशीच ठेवली. मला विचाराल तर सॉफ्टवेअरच्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा आळस आहे.

वेग फ्रेमला बांधला की असं होतं, आणि दर वेळी ते गोडच असतं असं नाही. २०१४ मध्ये पीसीवर आलेल्या ‘डार्क सोल्स २’ मध्ये सेकंदाला ३० ऐवजी ६० फ्रेम मिळाल्या की तलवार दुप्पट वेगाने झिजायची. म्हणून गेम शिकवताना पहिला धडा हा असतो: ‘दर फ्रेमला पाच ठिपके पुढे’ असं लिहू नका, मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते विचारा आणि त्या प्रमाणात सरका.

आता ब्राउझर. त्याचा जन्म गेमसाठी झालेला नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत पहिला ब्राउझर लिहिला तो कागदपत्रं वाचण्या-लिहिण्यासाठी, आणि लिहिला तो नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर. ॲपलमधून बाहेर पडल्यावर स्टीव्ह जॉब्झ यांनी काढलेली ही कंपनी. तिचे संगणक महाग होते आणि फारसे खपले नाहीत. पण १९९३ च्या डिसेंबरात आलेला ‘डूम’ हा गेमसुद्धा याच कंपनीच्या संगणकांवर घडला. ज्या यंत्राला बाजाराने नाकारलं, त्याच्यावर वेब आणि डूम दोन्ही लिहिले गेले! १९९७ मध्ये डूमचा कोड खुला झाला आणि आज तो ब्राउझरच्या एका टॅबमध्ये चालतो. एका भावंडाने दुसऱ्याला कडेवर घेतलंय.

हे सहज झालं नाही. ब्राउझरची भाषा जावास्क्रिप्ट, ती ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये दहा दिवसांत उभी केली. बटणं आणि फॉर्म थोडे जिवंत व्हावेत, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. मग २००८ मध्ये क्रोमबरोबर व्ही८ हे इंजिन आलं. ते जावास्क्रिप्टचं थेट प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करतं, तेही कोड चालू असताना. २०१७ पर्यंत चारही प्रमुख ब्राउझरांत वेबअसेम्ब्ली आली आणि सी किंवा सी++ मध्ये लिहिलेले गेम पानात उतरू लागले.

मला मात्र गेमपेक्षा साध्या मजकुराचं जास्त नवल वाटतं. ‘शिक्षिका’ हा शब्द घ्या. संगणकात तो आठ चिन्हांचा असतो: श, वेलांटी, क, पाय मोडायचं चिन्ह, ष, वेलांटी, क आणि काना. साठवण उच्चाराच्या क्रमाने असते. पण पडद्यावर श ची वेलांटी श च्या आधी यायला हवी. दुसऱ्या वेलांटीने तर क, पाय मोडायचं चिन्ह आणि ष या तिघांना ओलांडून अलीकडे यायचं, आणि त्या तिघांनी मिळून क्ष व्हायचं. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. मग फाँटमधल्या वळणदार रेषांचे ठिपके होतात, कडा मऊ होतात आणि शब्द ओळीत बसतो. एकदा घडवलेला शब्द ब्राउझर जपून ठेवतो, दर वेळी नव्याने घडवत नाही. पण मराठी पान पहिल्यांदा उघडतं तेव्हा असे शेकडो शब्द तो भराभर घडवतो, आणि कोणाला त्याची चाहूलही लागत नाही.

या सगळ्यासाठी जे घड्याळ आम्ही वापरतो, ते आता मुद्दाम थोडं जाडंभरडं केलेलं आहे. जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ नावाची प्रोसेसरमधली फट जाहीर झाली. अतिसूक्ष्म वेळेतला फरक मोजून स्मृतीतली गुपितं ओळखता येतात, असं दिसून आलं. ब्राउझरवाल्यांनी तातडीने आपापल्या घड्याळांची बारकाई कमी केली. फ्रेम मोजायला ती अजूनही पुरते, चोरी करायला पुरू नये एवढाच हेतू.

हे सारं स्वतः बघायचं असेल तर संगणकावर क्रोममध्ये एखादं भरगच्च पान उघडा, एफ१२ दाबा, परफॉर्मन्स नावाच्या विभागात जाऊन रेकॉर्ड सुरू करा आणि दोन-चार सेकंद पान वरखाली सरकवा. थांबवल्यावर एकेक फ्रेम तिला लागलेल्या मिलिसेकंदांसह समोर येते. त्यातल्या लाल दिसतात त्या चुकलेल्या.