ग्राइंडर हातात घेण्याआधी

आमच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये नवा पोरगा आला की मी त्याला आधी ग्राइंडरची वायर तपासायला लावतो. वायर मशीनमध्ये शिरते तिथेच वाकून वाकून सोलवटते. तिथे चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही, वायर बदलायचीच. प्लग तोडून उघड्या तारा काडीने सॉकेटात खोचणं तर आमच्याकडे बंदच. मशीनवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर इन्सुलेशन दुहेरी, दोन पिना चालतात. नसेल तर अर्थिंगची जाड पिन हवीच.

एमसीबी बसवला म्हणजे झालं, असं पुष्कळांना वाटतं. एमसीबी वायरिंग वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. अंगातून करंट जमिनीत जाऊ लागताच तो क्षणात पुरवठा तोडतो. पण फेज आणि न्यूट्रल एकदम हातात आले तर त्याचाही इलाज नाही.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. डिस्कवर छापलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नको. गार्ड काढायचा नाही, चष्मा घालायचाच. आणि डिस्क बदलताना नुसता स्विच बंद करून चालत नाही. प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवायचा.