हर्डलिच्काचं त्रैमासिक

शंभरी ओलांडलेल्या एखाद्या शास्त्रीय नियतकालिकावर लिहा, असं संपादक म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा काहीतरी निरुपद्रवी असावं. मी निवडलं ते ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिकल अँथ्रोपॉलॉजी’. माणसाची हाडं, दात, कवट्या, शरीराची वाढ आणि अलीकडे डीएनए, हा त्याचा विषय. अधिकृत इतिहास झटपट उरकतो: 1918 मध्ये सुरुवात, 1930 मध्ये अमेरिकेतल्या शारीर मानवशास्त्रज्ञांची संघटना उभी राहिली आणि हे तिचं मुखपत्र झालं, 2022 पासून नावात ‘फिजिकल’च्या जागी ‘बायोलॉजिकल’.

मी अडकलो तो संस्थापकापाशी. आलेश हर्डलिच्का 1869 मध्ये बोहेमियात जन्मला. पोरवयात न्यूयॉर्कला आला, तंबाखूच्या कारखान्यात राबला, रात्रशाळेत शिकला आणि डॉक्टर झाला. पॅरिसला जाऊन माणसं मोजण्याची विद्या शिकला आणि 1903 पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात हाडं जमवत राहिला. पॅरिससारखी मानवशास्त्राची संस्था अमेरिकेत काढायचं त्याचं स्वप्न होतं. ते जमलं नाही, जमलं ते त्रैमासिक. 1942 पर्यंत संपादक तोच.

या माणसाचा विश्वास मोजणाऱ्या हातावर. कवटीची लांबी कुठून कुठवर धरायची, रुंदी कुठे घ्यायची, याचे नियम त्याने 1919 मध्ये याच अंकांतून छापले. पुढल्या वर्षी त्यांचं पुस्तक झालं. रुंदीला लांबीने भागायचं, शंभराने गुणायचं. 75 च्या खाली लांबट डोकं, 80 च्या वर रुंद. हे शिकायला अर्धा तास पुरतो आणि नेमकं करायला बरीच वर्षं जातात. 1920 मधला त्याचा पटाशीच्या दातांवरचा लेख मला आजही थक्क करतो. काही लोकांच्या दातांची आतली बाजू फावड्यासारखी खोलगट असते. पूर्व आशियात आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत असे दात भरपूर आढळतात. या लोकांचे पूर्वज आशियातून आले, या त्याच्या मताला हा दातांचा पुरावा होता. या खोलगटपणाशी जोडलेलं एक जनुक आता सापडलं आहे.

गणिताशी मात्र त्याचं वाकडं. संख्याशास्त्राकडे तो संशयानेच पाहायचा. त्याच काळात कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबीस माणसांच्या मापांतूनच दोन गटांमधलं अंतर काढायचं सूत्र घडवत होते. 1936 मधलं ते सूत्र आज कवट्यांच्या अभ्यासात सर्रास वापरतात.

मापं चोख, पण ती कशासाठी घेतली? वंशांची उतरंड लावायची त्या काळाला हौस होती आणि हर्डलिच्काही तिच्यापासून मुक्त नव्हता. म्हणून मला मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे आठवतात. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक युजेन फिशर. युरोपियनांच्या कवटीची ठेवण वेगळी, म्हणून त्यांची बुद्धीही वरचढ, असं फिशरना सिद्ध झालेलं हवं होतं. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि तसं काही दिसत नाही, असं प्रबंधात लिहिलं. मोजपट्टी तीच, धरणारी व्यक्ती वेगळी. अमेरिकेतल्या संघटनेने शुद्ध वंश ही कल्पनाच निराधार असल्याचं निवेदन याच नियतकालिकात छापलं ते 1996 मध्ये.

खरी अडचण पुढे आहे. अलास्कातल्या कोडिएक बेटावर, लार्सन बे गावाशेजारी, हर्डलिच्काने 1932 ते 1936 या काळात उत्खनन केलं आणि शेकडो लोकांचे अवशेष वॉशिंग्टनला नेले. गावाला विचारायची त्याला गरज वाटली नाही. गावकऱ्यांनी ते परत मागितले, संग्रहालयाने आढेवेढे घेतले, अखेर 1991 मध्ये अवशेष परत आले आणि पुरले गेले. त्याने जमवलेले आणि मागवलेले मेंदूही स्मिथसोनियनमध्ये होते; 2023 मध्ये वृत्तपत्रांतून त्यांचा बोभाटा झाला आणि संस्थेच्या सचिवांनी माफी मागितली.

हाडं परत गेली, पण मापांचं काय? कोडिएकवरचं त्याचं पुस्तक 1944 मध्ये, तो वारल्यानंतर, निघालं. ते कुठल्या मातीत पुरणार? तसे आकडे फेकून द्या, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. नवी कवटी सापडली की ती ताडून बघायला जुनी मापं लागतात. नर्मदाकाठी हाथनोऱ्याला 1982 मध्ये सापडलेल्या कवटीचंच बघा. ती होमो इरेक्टस या आदिमानवाची नसून आपल्याच सेपियन्स जातीच्या एखाद्या प्राचीन रूपाची आहे, असा दावा करणारा लेख याच नियतकालिकात 1991 मध्ये आला आणि तो उभा होता तुलनेवर.

मग जुन्या कोष्टकांतला आकडा वापरताना परवानगी कुणाची घ्यायची? वंशजांची म्हणावं, तर कित्येक कवट्यांपुढे गावाचं नावसुद्धा धड नाही. संग्रहालयाची म्हणावी, तर ज्याने न विचारता नेलं त्यालाच विचारण्यासारखं झालं. तूर्त सोय आहे ती एवढीच, की जुन्या अंकातला लेख उघडायचा तर प्रकाशक वायलीकडे पैसे भरावे लागतात. ज्यांच्या आजे-पणज्यांची डोकी त्यात मोजली आहेत, त्यांनाही.