फाडलेला कागदही बोलतो

रद्दीवाल्याच्या तागडीत वर्तमानपत्रांसोबत आणखी काय काय जातं, हे एकदा गठ्ठा सोडून पाहावं. गृहकर्जाचा जुना कागद, विम्याची पावती, शाळाप्रवेशासाठी काढलेल्या आधारच्या उरलेल्या झेरॉक्स आणि पॅनकार्डाची एक प्रत. तिच्यावर सहीसुद्धा करून ठेवलेली, ‘लागेल पुन्हा’ म्हणून. आपल्याकडे रद्दीला किलोचा भाव आहे. ती निवडली जाते, पुढे विकली जाते, तिच्या पुड्या होतात. खारे दाणे संपल्यावर पुडी उलगडावी तर आत कुणाच्या तरी बँक खात्याचा उतारा! यात रद्दीवाल्याचा दोष नाही. तो कागद वजनावर घेतो, वाचून नव्हे.

नाव, जन्मतारीख, पत्ता, पॅन आणि सही एवढं एका हाती लागलं की दुसऱ्याच्या नावावर सिमकार्ड काढण्याचा किंवा छोटं कर्ज उचलण्याचा प्रयत्न करता येतो. कर्ज घेतो भलताच, वसुलीचा फोन मात्र आपल्याला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी प्रमाणे अशा ओळखचोरीला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण चोर सापडेपर्यंत हेलपाटे आपणच घालायचे.

म्हणून कागद फाडून टाकायचा. पण कसा? १९७९ साली तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासावर विद्यार्थ्यांनी कब्जा केला, तेव्हा आतल्या लोकांनी घाईघाईने गोपनीय कागद श्रेडरमध्ये घातले होते. यंत्रातून निघाल्या लांबलचक उभ्या पट्ट्या. इराण्यांनी त्या चिकाटीने शेजारी शेजारी लावल्या आणि जोडलेल्या कागदांचे चक्क खंड छापले. उभ्या पट्ट्या कापणारं स्वस्त यंत्र घेऊ नका, ते यासाठीच. आडवं-उभं दोन्ही कापणारं ‘क्रॉस कट’ घ्या. खोक्यावर ‘पी-४’ लिहिलेलं असेल तर एक तुकडा १६० चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा नसतो; म्हणजे एका ए-फोर कागदाचे जवळपास ४०० तुकडे.

यंत्राशिवायही भागतं. कागद हाताने फाडून रात्रभर बादलीत भिजत घाला आणि सकाळी कुस्करून लगदा करा. जाळू नका, शेजाऱ्यांना धूर, आणि अर्धवट जळलेला कागद वाचता येतो तो येतोच. कुरियरच्या खोक्यावरचा नाव, पत्ता, मोबाइलचा स्टिकरही सोलून याच बादलीत टाका. मात्र हुरूप आला म्हणून खरेदीखत, गुणपत्रिका, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला यांना हात लावू नका. आयकराचे कागद फाडण्याआधी सीएला विचारा.

खरं सांगायचं तर घरातल्या कागदांपेक्षा बाहेर वाटलेले कागद जास्त धोक्याचे. लॉज, सिमकार्डाचं दुकान, सोसायटीचं ऑफिस. आपण मागेल त्याला आधारची प्रत देत सुटतो. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने ‘अशा प्रती वाटू नका’ असं पत्रक काढलं. दोनच दिवसांत, गैरसमज नको म्हणून, सरकारने ते मागे घेतलं. माझ्या मते पत्रकातला सल्ला बरोबरच होता. चालेल तिथे शेवटचे ४ आकडेच दाखवणारं ‘मास्क्ड आधार’ द्या. पूर्ण प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: ‘फक्त गॅस जोडणीसाठी’, खाली तारीख आणि सही. कोरी सही केलेली प्रत म्हणजे कोरा धनादेशच.

आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, हे सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर दिसतं. सिबिलसारख्या कंपन्यांना वर्षातून एकदा पतअहवाल फुकट द्यावा लागतो. तो मागवा, अनोळखी कर्ज दिसलं तर त्या बँकेला आणि सिबिलला लेखी कळवा. पैसेच गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन.

आणि झेरॉक्सच्या दुकानातून निघताना दोन गोष्टी करा. बिघडलेली प्रत टोपलीतून उचलून आणा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली आधारची फाइल दुकानदाराच्या संगणकावरून आपल्या डोळ्यांदेखत काढून टाकायला लावा, रिसायकल बिनमधूनसुद्धा.