भोकाचं वय

कारखान्यांचा पट्टा पडला की ऊसतोडीच्या टोळ्या बीड जिल्ह्यात परततात, आणि पाडव्याच्या आगेमागे माझ्या सोनार मामांच्या दुकानात बायकांची रीघ लागते. हंगामभर गळ्यात राहिलेली पोत तुटलेली असते. मोळी डोक्यावर घेताना तारेला ओढ बसते, पाचटात ती अडकते. वाचलेले मणी पदराच्या गाठीत बांधून आणलेले असतात. ते पुन्हा गाठवायला सोन्याची बारीक तार लागते, आणि ती मामा आजही दुकानातच ओढतात.

सोनं मुशीत वितळवून कांडी ओतायची, पट्टीमशीनमधून ती चौकोनी बारीक करायची आणि मग जंत्रीकडे वळायचं. जंत्री म्हणजे क्रमाने लहान होत गेलेल्या भोकांची पोलादी पट्टी. तारेचं टोक कानशीने निमुळतं करून भोकात घालायचं, पलीकडून पकडीने धरायचं आणि ओढायचं. चार-पाच भोकं झाली की तार ताठरते. मग तिचं वेटोळं करून लाल होईपर्यंत ताव द्यायचा, की ती पुन्हा नरमते.

शेवटच्या बारीक मापांना मात्र पोलाद टिकत नाही. तिथे मामांकडे रुपयाएवढ्या पितळी चकत्या आहेत, प्रत्येकीच्या मधोमध हिरा आणि हिऱ्यात भोक. रत्नाला भोक पाडून त्यातून तार ओढायची युक्ती जुनी आहे. विल्यम ब्रॉकेडन या इंग्रज चित्रकाराने १८१९ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. अखंड नैसर्गिक हिऱ्यातून निघालेल्या तारेला चकाकी छान येते, पण तो सगळ्या दिशांनी सारखा कठीण नसतो. त्यामुळे एका अंगाने जास्त झिजतो आणि भोक लांबट होतं. हिऱ्याचे बारीक कण प्रचंड दाबाखाली एकत्र बसवून केलेला गोळा त्या मानाने सगळीकडून सारखा झिजतो.

हे भोक सरळ नसतं. तार शिरते तिथे नरसाळ्यासारखं पसरट, मग निमुळतं, मग जराशी सरळ मान आणि बाहेर पडताना पुन्हा उघडं. तार दबते निमुळत्या भागात, माप ठरतं मानेत. झीज पहिल्यांदा धरते ती तार भिंतीला टेकते तिथे. भिंगातून पाहिलं की तिथे कड्यासारखी पुसट रेघ दिसते. हीच वेळ हिरा कामावरून काढायची, असं मामा म्हणतात. तार तर अजून सुबक निघत असते, म्हणून कुणाचंच मन होत नाही. पण त्याच वेळी पॉलिश केलं तर माप तेच राहतं. कडं खोल गेल्यावर भोक मोठंच करावं लागतं: ०.३० मिलिमीटरचा हिरा ०.३२ होऊन परत येतो, पुढच्या खेपेला ०.३५.

बारावीच्या सुट्टीत मी मामांच्या हाताखाली बसायची. एकदा ताव दिलेली तार तेजाबाच्या पाण्यात नीट न धुताच मी भोकात घातली. सवागीचा, म्हणजे टाकणखाराचा, काचेसारखा एक कण तारेला चिकटून राहिला होता. तो भोकात अडकला आणि पुढच्या सगळ्या तारेवर केसासारखा ओरखडा उमटला. मामा रागावले नाहीत. "घाई करायलीस का, बाई? तार धुतली की भोक जगतं," एवढंच म्हणाले आणि लाकडाची काडी टोकदार करून तो कण काढायला बसले. पाऊण तास लागला. आजही तार दिसली की माझं बोट आधी तिच्यावरून फिरतं.

दुसरी चूक म्हणजे भोक गाळणं. १ मिलिमीटरची तार ०.९ मधून ओढली तर तिचा छेद १९ टक्के घटतो, मधलं भोक गाळून ०.८ मध्ये घातली तर ३६ टक्के. हा सगळा ताण भोकाच्या भिंतीवर येतो. तार वाकडी ओढली तरी तेच, एकच बाजू खाल्ली जाते. म्हणून मामा उभं राहून, खांदा आणि भोक एका रेषेत धरून ओढतात. तारेला आधी मेण लावतात.

भोक किती झिजलं हे तारच सांगते. मायक्रोमीटरमध्ये ती एकदा धरायची, मग पाव फेरा फिरवून पुन्हा धरायची. एकीकडे ०.३०, दुसरीकडे ०.३१ आलं की भोक लांबटलं. सगळीकडून ०.३१ झालं तर तेवढ्याच लांबीला जवळजवळ ७ टक्के सोनं जास्त जातं. मजुरीच्या पैशातून पोत गाठवणाऱ्या बाईच्या पदरचे हे पैसे असतात, आणि तिच्यापाशी मोजायला मायक्रोमीटर नसतो. हिरा कामावरून वेळेवर काढायचा तो यासाठी, असं मला मनापासून वाटतं. शिवाय जाड तार काळ्या मण्याच्या भोकात शिरत नाही. जोर केला की मणी फुटतो.

परवा मुंबईहून पॉलिश होऊन आलेला हिरा मामांनी चकतीत बसलेलाच उजेडाकडे धरला, भिंग लावलं, भिंत निरखली. मग हातभर तार ओढली, दोन ठिकाणी मोजली. समोर बसलेल्या बाईच्या गाठीतला एक मणी उचलून तारेत घातला. तो घसरत खाली आला. मामांनी दुसरा उचलला.