पदवीनंतर – लेखांक 7 : दुसरं एम.ए. कुणी करावं?

सेट-नेटची तयारी करणारे अनेक जण निकालाची वाट पाहता पाहता आणखी एका एम.ए.ला प्रवेश घेतात. इतिहास झाला, आता राज्यशास्त्र. ‘नुसतं घरी बसण्यापेक्षा बरं’ हे त्यामागचं नेहमीचं कारण. एवढ्या कारणासाठी प्रवेश घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्राध्यापक भरतीचा हिशोब बघा. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं, तर मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवणारा गुणांचा तक्ता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमावलीत दिलेला आहे. पदव्युत्तर पदवीला टक्केवारीनुसार 20 ते 25 गुण, पीएच.डी.ला 25, नेटला 8, सेटला 5. दुसऱ्या पदव्युत्तर पदवीसाठी त्यात रकानाच नाही. म्हणजे दोन वर्षं अभ्यास करून, परीक्षा देऊन हाती गुण शून्य. तेवढ्या काळात सेट निघाली तर 5.

त्यात शिष्यवृत्तीची अट अनेकांना उशिरा कळते. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती एका टप्प्याचं शिक्षण झाल्यावर त्याच टप्प्यावर दुसऱ्या विषयासाठी मिळत नाही. एम.ए.नंतर पुन्हा एम.ए. केलं, तर फी घरूनच भरावी लागते. ज्यांचं सगळं शिक्षण शिष्यवृत्तीवर झालं, त्यांना हे प्रवेशाच्या खिडकीवरच सांगायला हवं. महाडीबीटीवर अर्ज बाद झाल्यावर कळून काय उपयोग?

विषयच बदलायचा असेल, तर मात्र दुसरं एम.ए. जरूर करावं. संबंधित किंवा संलग्न विषयात 55 टक्के (राखीव प्रवर्गाला 50) असल्याशिवाय तो विषय महाविद्यालयात शिकवता येत नाही. मराठीत एम.ए. केलेल्या एखादीला बोलींचा अभ्यास करता करता भाषाविज्ञानाची ओढ लागली, तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातली दोन वर्षं तिला पुढच्या संशोधनाचा पाया घालून देतील.

नोकरी सांभाळून केवळ आवडीपोटी शिकणाऱ्यांसाठी नाशिकचं मुक्त विद्यापीठ आणि इग्नू आहेतच. 2022पासून एका वेळी दोन पदव्या घेण्याची मुभाही आहे: एक नियमित आणि दुसरी दूरस्थ वा ऑनलाइन, किंवा तासांच्या वेळा आड येत नसतील तर दोन्ही नियमित. दोन्ही नियमित घेण्याचा सल्ला मी कुणालाच देणार नाही. दोन्हीकडचं वाचन अर्धवट राहतं.

हा विषय निघाला की विदर्भात श्रीकांत जिचकारांचं नाव येतंच. त्यांनी अनेक विषयांत एम.ए. केलं, हे खरं. पण ते वैद्यकीय पदवीधर होते आणि 1980 साली आमदारही झाले होते. त्यांचं पोट त्या पदव्यांवर अवलंबून नव्हतं. त्यांचा दाखला मुलांपुढे ठेवणाऱ्या पालकांनी एवढं ध्यानात घ्यावं.

अर्ज भरण्याआधी त्या विषयाचा अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका मिळवून आठवडाभर वाचा. वाचवत नसतील, तर ती फी सेटच्या पुस्तकांवर खर्च करा.

(पुढील आठवड्यात : पीएच.डी.साठी मार्गदर्शक निवडताना)